अपग्रेडनंतर कॉम्प्युटर चालू होत नाही? आधी तो कुठे अडलाय ते शोधा

रविवारी रात्री साडेदहाला सांगलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, कॉम्प्युटर गेला. पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण स्क्रीन काळीच."

"काय काय बदललंस?"

"प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड. आणि नवी एसएसडी पण लावली."

"सगळं एकाच वेळी?"

"हो. रविवार होता ना."

त्याचं मशीन २०१९ मध्ये जुळवलेलं. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क. आता त्यात रायझन ५ ५६००, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, आरएक्स ६६०० कार्ड आणि थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी आली होती. निवड चांगली होती. पण चार भाग एका बैठकीत बदलले की संशयितही चार उभे राहतात. आणि त्याच्या मशीनमध्ये अडचण एक नव्हतीच. एकामागे एक अशा पाच होत्या, आणि पुढची सुटल्याशिवाय मागची दिसत नव्हती. गंमत म्हणजे नव्या भागांपैकी एकही खराब नव्हता.

पुढचा शनिवार मी त्याच्या टेबलाशेजारी काढला. त्या दिवशी ज्या क्रमाने गेलो तोच क्रम इथे देतो. तुमचा बोर्ड आणि प्रोसेसर वेगळा असेल, तरी वाट साधारण हीच राहते.

"चालू होत नाही" म्हणजे नक्की काय होतं?

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत कॉम्प्युटर ठरलेल्या पायऱ्या चढतो. आधी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बोर्डाला वीज देतो. मग बायोस हे बोर्डावरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर जागं होऊन प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तपासतं. या तपासणीला पोस्ट म्हणतात. ती पार पडली की स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो. त्यानंतर बायोस डिस्कवर बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) शोधतं आणि शेवटी विंडोज सुरू होतं.

म्हणून पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नाही, "कितव्या पायरीवर थांबलं" हा आहे. बटण दाबून काहीच हालचाल नाही, तर दोष विजेचा किंवा बटणाच्या वायरचा. पंखे फिरतात पण लोगो येत नाही, तर पोस्ट अडली आहे. लोगो येतो आणि मशीन थेट बायोसच्या निळ्या-काळ्या पानावर जाऊन बसतं, किंवा बूट होण्याजोगी डिस्क सापडली नाही असं म्हणतं, तर प्रोसेसर, रॅम, कार्ड यांच्या वाटेला जायचं कारणच नाही. ते पास झालेले आहेत, आता डिस्क बघायची. आणि विंडोजचं वर्तुळ फिरून निळी स्क्रीन येत असेल, तर ड्रायव्हर किंवा बायोसमधली एखादी सेटिंग. एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं. बहुतेक लोक लोगो दिसत असतानाही रॅम काढून खोडरबराने घासत बसतात, ते हे न ओळखल्यामुळेच.

हात घालण्याआधी

कॅबिनेटची मुख्य केबल भिंतीतून काढा. नुसतं भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करून भागत नाही. केबल काढल्यावर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. प्रत्येक वेळी कुठलाही भाग हाताळण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. अंगावरची स्थिर वीज थंडीतल्या कोरड्या हवेत जास्त साचते, विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतकी वीज राहू शकते.

मोबाइलवर आतल्या जोडण्यांचे चार-पाच फोटो काढून ठेवा. मदरबोर्डचं मॉडेल बोर्डावरच छापलेलं असतं. ते बघून कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या. या लेखात जिथे जिथे "मॅन्युअल बघा" म्हटलंय, तिथे खरंच बघा.

मागे फिरा

भाच्याचा आग्रह होता की नवे भाग तसेच ठेवून तपासू. मी ऐकलं नाही. सगळं उतरवलं आणि जुना प्रोसेसर, जुनी पट्टी, जुनं कार्ड, जुनी डिस्क परत लावली. तासभर गेला त्यात. पण बटण दाबल्यावर विंडोज आलं आणि त्या एका गोष्टीने अर्धे प्रश्न निकालात निघाले. बोर्ड ठीक, एसएमपीएस ठीक, विंडोज ठीक. आता एकेक नवा भाग घालायचा, दर वेळी चालू करून बघायचं, आणि जिथे अडेल तिथेच थांबायचं.

तुम्ही रॅम किंवा कार्ड एवढंच बदललं असेल तर मागे फिरणं पाच मिनिटांचं काम आहे. प्रोसेसर बदलला असेल तर जरा जपून. एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) रायझन प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट घट्ट बसली असेल तर कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो. मशीन चालत असेल तर आधी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, केबल काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. सरळ वर ओढू नका. इंटेलच्या अलीकडच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डात असतात. तिथे बोट किंवा कापड लागलं तरी त्या वाकतात. नव्या बसवलेल्या बोर्डावर एखादी रॅम पट्टी दिसतच नसेल तर वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर हेही कारण असू शकतं.

जुने भाग विकून टाकले असतील तर मागे फिरता येत नाही. मग कमीत कमी भागांवर या: बोर्ड, प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. डिस्क, जादा पंखे, वायफाय कार्ड, समोरच्या यूएसबीच्या वायरी सगळं सोडवा. तरीही चालू होत नसेल तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून चालू करा. पुठ्ठ्यावर चालू झालं आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) किंवा पडलेला स्क्रू शॉर्ट करतोय.

काहीच हालचाल नसेल तर

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बंद राहिलाय का, समोरच्या बटणाची बारीक वायर बरोबर पिनांवर आहे का, आणि २४ पिनांचा मोठा कनेक्टर कट्ट आवाज येईपर्यंत बसलाय का, एवढं बघा. हा कनेक्टर नवीन बोर्डावर इतका घट्ट असतो की माणूस बोर्ड वाकेल या भीतीने अर्धवट सोडतो. बोर्डाला मागून आधार द्या आणि दाबा.

एसएमपीएस नवा घेतला असेल आणि तो मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) असेल, तर एक गोष्ट कळकळीने सांगतो: जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकातला वायरींचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक वेगळा असतो. पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जळते, आणि तिच्यातले घरातले फोटोही.

मल्टिमीटर असेल तर एसएमपीएस चालू असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावर जाता येत नाही, मॅन्युअलमधली आकृती बघा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

दहातले बहुतेक फोन मला याच अवस्थेचे येतात, आणि भाच्याचाही हाच होता.

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टमध्ये हवी, बोर्डाच्या नव्हे. हे वाचून तुम्ही हसाल, पण एकदा मागे वाकून बघाच. उलट, कार्ड काढून तपासत असाल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी "एफ" आहे त्यात नसतं. रायझन २६०० किंवा ५६०० मध्येही नसतं. एएम४ वर ते "जी" लावलेल्या मॉडेलमध्ये असतं.

मग प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांचा वेगळा कनेक्टर असतो. तो राहिला तर पंखे मजेत फिरतात आणि पोस्ट मात्र होत नाही. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला जवळपास तसाच, पण वायरिंग उलटं. तो इथे बसला नाही तर जोर लावू नका. केबलवर "सीपीयू" किंवा "पीसीआयई" असं छापलेलं असतं. (आपल्याकडे घराघरांत आख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. केबलवरच्या "सीपीयू"चा अर्थ प्रोसेसर.)

आता बोर्डावरचे दिवे बघा. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक बोर्डांवर काठाला चार बारीक एलईडी असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (डिस्क). चालू करताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहिला, तिथे गाडी अडली. असे दिवे नसतील तर बोर्डाच्या स्पीकर पिनांवर लावायचा एक छोटा स्पीकर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात विचारा. त्याच्या बीपांचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो, तो मॅन्युअलमध्ये मिळेल.

*डीरॅमचा दिवा.* पट्टी काढून परत बसवा, दोन्ही टोकं कट्ट वाजेपर्यंत. सोनेरी कडा मळकट दिसत असेल तर मऊ खोडरबराने हलकेच पुसायला हरकत नाही, पण कण सॉकेटमध्ये जाऊ देऊ नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत या उपायाने खरोखर मशीन चालू होतात, कारण दमट हवेत संपर्काच्या जागेवर थर साचतो. नव्याकोऱ्या पट्टीला मात्र त्याची गरज पडू नये. एकच पट्टी लावत असाल तर चार सॉकेटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या सॉकेटमध्ये, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यात. पट्टी बसतच नसेल तर जोर लावण्याआधी प्रकार बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी आहे.

डीडीआर५ वाल्यांसाठी एक दिलासा. रायझनच्या नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना किंवा बायोस रीसेट केल्यावर मशीन रॅमशी जुळवून घेतं, आणि त्या काळात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. एका मिनिटात घाबरून बंद केलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं तरी हात बांधून बसा.

*सीपीयूचा दिवा.* भाच्याच्या बोर्डावर हाच लागून होता. सॉकेट तेच, प्रोसेसर नीट बसलेला, पिना सरळ. तरी बोर्ड त्याला ओळखत नव्हता, आणि ओळखणार तरी कसा? बी४५० बोर्ड २०१८ मध्ये बाजारात आले. रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये, आणि साधा ५६०० तर २०२२ मध्ये. बोर्डात बायोस होतं खरेदीच्या वेळचं, २०१९ चं. त्याच्या यादीत हा पाहुणा नव्हताच. इंटेलकडेही हेच होतं: ६०० मालिकेच्या बोर्डात तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर चालतो, पण बायोस अद्ययावत केल्यावर. आणि कधी कधी सॉकेट सारखं दिसूनही कधीच चालत नाही. आठव्या पिढीचा कोअर प्रोसेसर १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डात बसतो, दोन्ही बाजूंना नाव एलजीए ११५१ च, पण चालत नाही. म्हणून खरेदीआधी कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाची प्रोसेसर यादी बघायची. तिथे प्रत्येक प्रोसेसरपुढे कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं.

बायोस अद्ययावत करायच्या दोन वाटा. जुना प्रोसेसर हाताशी असेल तर तो लावून, पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करून, त्यावर फाइल टाकून बायोसमधल्याच साधनाने अपडेट करा. नसेल आणि बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर प्रोसेसर नसतानाही होतं: २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा कनेक्टर लावायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह घालायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत काही करायचं नाही. दोन्ही वाटा बंद असतील तर दुकानदाराकडून करून घ्या, त्यांच्याकडे एखादा जुना प्रोसेसर असतोच.

अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून ते यूपीएसवर करा, आणि ज्या दिवशी महावितरणचं देखभालीचं काम आहे किंवा वळवाचे ढग भरून आलेत, त्या दिवशी करू नका. आणखी एक: १६ एमबीच्या बायोस चिपवर जागा अपुरी असते, त्यामुळे काही बोर्डांवर नवीन आवृत्ती टाकली की अगदी जुन्या प्रोसेसरांचा आधार निघून जातो. परतीचा रस्ता बंद होतोय का, हे आधी वाचून घ्या.

*व्हीजीएचा दिवा.* कार्ड स्लॉटमध्ये मागच्या चापापर्यंत पूर्ण गेलंय का, हे पहिलं. दुसरं म्हणजे वीज. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, म्हणून १०५० टीआयची बरीच मॉडेल वेगळ्या केबलशिवाय चालतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि बहुतेक मॉडेलांना आठ पिनांचा कनेक्टर असतो. भाच्याने सहा पिनांचाच भाग लावला होता, शेजारी लोंबणारे दोन पिन तसेच सोडून. ते सहा आणि दोन एकत्र धरून लावायचे असतात. ही त्याची दुसरी अडचण, आणि ती प्रोसेसरच्या मागे दडून बसली होती.

*कुठलाच दिवा काही सांगत नसेल* तर सीमॉस रीसेट करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना, वीज काढलेल्या अवस्थेत, दहा सेकंद जोडायच्या. किंवा सीआर २०३२ बटणसेल काढून पाच मिनिटं थांबायचं. मशीन पाच-सहा वर्षांचं असेल तर सेल नवाच घाला. हा सेल तीन व्होल्टचा असतो, कमी झाला की तारीख मागे जाते आणि सेटिंग विसरली जातात. रीसेट करण्याआधी, मशीन चालू होत असेल तर बायोसची पानं मोबाइलवर टिपून ठेवा. का, ते लगेच कळेल.

लोगो आला, विंडोज नाही

जुन्या प्रोसेसरवर आम्ही बायोस अपडेट केलं, मशीन पुन्हा चालू झालं, आणि थेट बायोसच्या पानावर जाऊन बसलं. विंडोज गायब. भाच्याचा चेहरा उतरला. ही तिसरी अडचण, आणि ही बऱ्याच जणांना फसवते.

अपडेट किंवा सीमॉस रीसेट केलं की सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. त्याची हार्ड डिस्क एमबीआर या कप्प्यांची नोंद ठेवायच्या जुन्या पद्धतीची होती आणि तिच्यावरचं विंडोज बूट होण्यासाठी सीएसएम ही जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सेटिंग चालू लागते. नव्या बायोसमध्ये ती मुळातच बंद. आम्ही ती चालू केली, विंडोज आलं. तुमच्याकडे डिस्क रेड किंवा इंटेलच्या व्हीएमडी पद्धतीने लावलेली असेल आणि रीसेटने ती साध्या एएचसीआयवर गेली, तर विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन येते. सेटिंग पूर्ववत करा, विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही. म्हणूनच ते फोटो.

सीएसएम कायम चालू ठेवायचं नव्हतं, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला यूईएफआय (बूट होण्याची नवी पद्धत) हवं. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्येच आहे, ते डेटा न पुसता डिस्क एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीवर नेतं. पण त्याला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन (मुख्य कप्पे) चालतात, लॉजिकल पार्टिशन (एका कप्प्याच्या आत पाडलेला कप्पा) अजिबात चालत नाही. आपल्याकडे जुळवलेल्या मशीनवर सी, डी, ई, एफ असे कप्पे पाडून द्यायची रीत आहे, त्यामुळे हे साधन तपासणीतच नकार देतं. इथेही तेच झालं. मग ठरवलं की नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकायचं आणि जुनी डिस्क फक्त साठवणीला ठेवायची. आधी तिच्यातला महत्त्वाचा डेटा दुसरीकडे उतरवला.

त्यानंतर नवा प्रोसेसर बसवला. या वेळी स्क्रीन उजळली, पण लोगोऐवजी काळ्या पानावर इंग्रजी ओळी: नवीन प्रोसेसर बसवला आहे, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन? "परत हँग झाला," भाचा म्हणाला. हँग नाही, तो प्रश्न विचारतोय. रायझनमध्ये एफटीपीएममधल्या सुरक्षेच्या किल्ल्या प्रोसेसरशी बांधलेल्या असतात, प्रोसेसर बदलला की त्या चालत नाहीत. तुमच्या डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल, तर वाय दाबण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की जवळ हवी. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती नसेल तर एन दाबा, जुना प्रोसेसर परत लावा, बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा आणि मग पुन्हा बदला. रिकव्हरी की हरवली तर डेटा कुणालाच काढता येत नाही. भाच्याकडे बिटलॉकर नव्हतं, आम्ही वाय दाबलं.

मग रॅम. जुनी एक आणि नव्या दोन अशा तीन पट्ट्या त्याला ठेवायच्या होत्या. वेगवेगळ्या वेगाच्या आणि वेगळ्या बनावटीच्या पट्ट्या कधी चालतात, कधी नाही. इथे डीरॅमचा दिवा लागून राहिला. जुनी काढली, दुसऱ्या-चौथ्या सॉकेटमध्ये नव्या दोन घातल्या, लोगो आला. ही चौथी.

आता एसएसडी. विंडोज टाकताना जुनी डिस्क सोडवून ठेवा. ती लावलेली राहिली तर इन्स्टॉलर पुष्कळदा बूटलोडर जुन्या डिस्कवरच टाकतो, आणि सहा महिन्यांनी ती काढलीत की नव्या एसएसडीवरचं विंडोज बूट होत नाही. हे आधीच झालं असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन बीसीडीबूट या आज्ञेने एसएसडीवर बूटलोडर बसवता येतो. त्यासाठी एसएसडीवर ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचा छोटा कप्पा) असावं लागतं. पेनड्राइव्हवरून सुरू करताना बूट मेनूत त्याच्या नावाच्या दोन नोंदी दिसल्या तर ज्याच्या आधी "यूईएफआय" आहे ती निवडा, आणि सीएसएम बंद करा.

विंडोज ११ बसलं. जुनी डिस्क लावली तर ती बायोसमध्येच दिसेना. पाचवी अडचण. अनेक बोर्डांवर एम.२ चा स्लॉट (एसएसडी बसते ती खाच) आणि एक-दोन साटा पोर्ट (जुन्या डिस्कची केबल लागते ती जागा) एकच मार्ग वाटून घेतात. एसएसडी बसली की ते पोर्ट बंद. कोणते, ते मॅन्युअलच्या तक्त्यात असतं. केबल पहिल्या पोर्टात हलवली, डिस्क आली, डेटा जसाच्या तसा. तुमची एसएसडीच दिसत नसेल तर ती एनव्हीएमई आहे की साटा पद्धतीची एम.२, आणि तो स्लॉट कोणती पद्धत चालवतो, हे त्याच तक्त्यात ताडून बघा.

चालतं, पण गेम लावला की बंद

एसएमपीएसवरच्या "४५० वॅट" या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. बाजूच्या स्टिकरवर बारा व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघून गुणाकार करा. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच बारा व्होल्टवर चालतात. हिशोब काठावर येत असेल तर कार्डाच्या कंपनीने सुचवलेल्या वॅटचा, नावाजलेल्या बनावटीचा एसएमपीएस घ्या. अपग्रेडच्या पैशांत हा खर्च आधीच धरायचा असतो, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो.

यूपीएसही तपासा. घरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मॉनिटरसकट नवं मशीन त्यापुढे गेलं की यूपीएस कलकलतो आणि सगळं बंद पडतं, आणि दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी बसतो. एकदा थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावून बघा. तिथे नीट चाललं तर यूपीएस बदलायचा.

भाग परत करण्याआधी

एवढं सगळं करूनही एखाद्या भागाने दाद दिली नाही, तर तो दुसऱ्या चालत्या मशीनमध्ये लावून बघा. मित्राच्या, कॉलेजच्या लॅबमधल्या, दुकानातल्या. दुसरीकडेही चालला नाही तरच तो खराब. बिल, बॉक्स आणि बॉक्सवरचा सिरियल नंबर सांभाळून ठेवलेला असेल तर वॉरंटीचं बोलणं सोपं जातं. प्रोसेसरच्या पिना वाकल्या असतील तर बहुधा वॉरंटी मिळत नाही, म्हणून दुकानातून घेतानाच डबा तिथे उघडून पिनांचा फोटो काढा.

मशीन चालू झाल्यावर लगेच एक्सएमपी (रॅमचा जादा वेग चालू करणारी बायोसची सेटिंग) लावू नका. दोन दिवस साध्या वेगावर वापरा, मग एक्सएमपी चालू करा आणि झोपण्यापूर्वी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून लावून ठेवा. सकाळी एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणा आणि पुन्हा तपासा. भाच्याच्या मशीनवर रात्रभरात शून्य चुका आल्या. मंगळवारी सकाळी त्याने फोटो पाठवला आणि विचारलं, "मामा, आता बाजूचा पत्रा लावू का?" लाव म्हटलं, पण आधी आत एखादा स्क्रू राहिलाय का ते बघ.